खालून फोडलेल्या चार पिशव्या

कुठलीही वस्तू फोडायची ती तळाकडूनच, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा मामेसासरा निघाला. आता बियाण्याची पिशवी खालून फोडावी, म्हणजे वरची शिलाई, टॅग आणि लेबल शाबूत राहतं, आणि उद्या उगवलं नाही तर तक्रारीला पुरावा राहतो, हे शेतीखात्याचं सांगणं आहे. शेवगावात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. वीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना सांगतोय आणि वीस वर्षं गिऱ्हाईक मान डोलावून घरी जातंय आणि पिशवी वरून टराटरा फाडतंय. ते सांगणं मनावर घेतलं ते एकट्या मामांनी, आणि असं घेतलं की पुढे चहाची पुडी, बिस्किटाचा पुडा, मामीच्या डोकेदुखीच्या गोळ्या, सगळंच घरात उलटं उघडायला लागलं. आमच्या घरून गेलेल्या लग्नपत्रिकेचं पाकीटसुद्धा त्यांनी ब्लेडने खालून चिरलं होतं. एकदा छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना रातोरात नगरला नेलं, तर सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला म्हणाले, "थांबा बाई. आधी बाटलीवरचा लाट नंबर उतरून घेऊ द्या, मग टोचा." ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी खिशातला पेन काढून दिला, दुसरं काय करणार!

पुरावा म्हटला की नमुना आलाच. प्रत्येक पिशवीतलं मूठभर बी मामा सरबताच्या बाटलीत भरत, बूच लावून वर चिठ्ठी चिकटवत आणि ती बाटली माजघरातल्या फळीवर ठेवत. बाजरी, हरभरा, तूर, गहू, सगळ्यांच्या बाटल्या. मामी कावायची, "घरात पन्नास बाटल्या हायेत, पन तेल भरून ठिवावं म्हनलं तर एक न्हाई!" माझ्या बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं मामांनी, लग्नही त्यांनीच लावून दिलं. त्या लग्नातल्या अक्षतांचीही त्यांनी एक बाटली भरून ठेवली होती. सासरी निघताना पोरगी रडतेय, बायका रडतायत, आणि हा माणूस तिला बाजूला घेऊन सांगतोय, "पोरी, पुढं काय कमी-जास्त झालं तर बिनघोर तक्रार कर. नमुना हाय माज्याकडं." मी शेजारीच उभा होतो. हसलो. नव्या नवऱ्याने अशा वेळी हसायचंच असतं.

पेरणीआधी त्यांची परीक्षा असे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, पाचव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. काही कमी भरले की मामा एसटीने थेट माझ्या दुकानात हजर. सरकारी कागदांचंही त्यांना असंच वेड. नवा शासन निर्णय निघाला की पोराटोरांकडून मोबाईलवर उतरवून घेऊन पारावर मोठ्याने वाचायचे. कुणाला तुषार संचाचा अर्ज करायचाय, कुणाची पीकविम्याची कागदं परत आलीत, जो तो मामांकडे. सोसायटीचं पीककर्ज ते दरवर्षी घेत आणि मार्चच्या आत भरून मोकळे होत. मग एखाद्या साली कर्जमाफीची यादी लागे. थकबाकीदारांची नावं मामाच खड्या आवाजात वाचत, कुणाचं राहून गेलं असेल तर त्याला अर्जही लिहून देत. "आन् तुमचं नाव, मामा?" असं कुणी डिवचलंच तर म्हणत, "आमी येळेवर भरलं ना. आमचा गुन्हा शाबीत हाय बाबा, आमाला माफी न्हाई."

तर अशा माणसाला गेल्या रब्बीत सरकारने गव्हाच्या पीक प्रात्यक्षिकासाठी निवडलं. म्हणजे बियाणं अनुदानावर मिळणार, पेरायचं शेतीखात्याच्या पद्धतीने, आणि बांधावर शेतकऱ्याच्या नावाचा बोर्ड. बोर्डाचं कळल्यावर मामा दोन दिवस झोपले नाहीत, असं मामी सांगत होती. सत्तरीला आलेल्या माणसाला आपलं नाव सरकारी रंगात बघायला मिळणार होतं. परमिट घेऊन ते माझ्या दुकानात आले, तेव्हा दिवाळीनंतरची ही गर्दी! अनुदानाच्या गव्हाच्या चारच पिशव्या माझ्याकडे उरल्या होत्या. होत्या त्या गेल्या सालच्याच, मुदत वाढवून नवं लेबल लागलेल्या. कागदावर सगळं कायदेशीर. फक्त त्यांनी अख्खा उन्हाळा माझ्या गोडाऊनच्या तापल्या पत्र्याखाली काढला होता, आणि हे मला माहीत होतं. मामांनी चष्मा लावला, लेबलावर बोट फिरवलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "जावईबापू, ह्ये लेबल दुसऱ्यांदा लागलंय."

माझं डोकं फिरलं. चोराचं फिरतंच. मी म्हणालो, "मामा, आता जावयालापण गोणपाटात घालून बघणार काय?" दुकान खो खो हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि हळूच म्हणाले, "न्हाई. जावयाची परीक्षा कशी घ्यायची?" चारही पिशव्या टेम्पोत टाकल्या आणि गेले. गावाकडच्या माणसाला जावयाचा मान म्हणजे काय असतो, ते मला कळत होतं, म्हणून तर मी नेमकं तेच बोललो होतो.

पंधराएक दिवसांनी त्यांचा फोन आला, "जरा यून जाता का?" गेलो. बांधावर हिरवा-पांढरा बोर्ड, त्यावर मामांचं नाव, वडलांचं नाव, गट नंबर. त्याच्यामागे चार एकर काळं रान. कुठे कुठे एखादा कोंब, बाकी माती. मामा मला घरात घेऊन गेले. माजघरात चार पिशव्या घडी घालून ठेवल्या होत्या. चारही खालून फोडलेल्या, वर शिलाई आणि टॅग जसेच्या तसे. फळीवर नमुन्याची बाटली. "औंदा गोनपाटात घातलं न्हाई," एवढंच ते बोलले. मी म्हणालो, "मामा, हे तालुक्याच्या तक्रार समितीपुढे गेलं तर माझं लायसन जाईल." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग विचारलं, "पत्र्याखाली हुत्या का?" मी 'हो' म्हणून मान हलवली.

तक्रार कुणी केलीच नव्हती, पण सरकारी प्रात्यक्षिकाचं रान मोकळं दिसल्यावर तालुक्याची समिती यायची ती आलीच. पंचनाम्याला सगळं गाव जमलं, बियाणं विकणारा म्हणून मलाही बोलावलेलं. मामांचा पुरावा आता बाहेर येणार, याची कुणालाच शंका नव्हती. दोघं-तिघं तर तो बघायलाच आले होते. साहेबांनी विचारलं, "बाबा, पिशव्या, टॅग?"

मामा म्हणाले, "न्हाईत."

"का?"

"ते बियानं मी पेरलंच न्हाई, सायेब. इकलं बाहेर. ह्ये घरचं जुनं पेरलं हुतं, ते उगवलं न्हाई."

साहेबांनी दोनदा विचारलं, मामांनी दोनदा तेच सांगितलं आणि पंचनाम्यावर सही केली. अनुदानाचं बियाणं बाहेर विकलं म्हणून त्यांचं नाव योजनेतून काढलं, वर अनुदानही वसूल केलं. बोर्ड उपटून नेला तेव्हा मामा गोठ्यात जनावरांना वैरण टाकत होते. आणि मी? मी तिथेच, चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. नाही उघडलं.

आता पारावर कागद वाचायला त्यांना कुणी बोलावत नाही. बायको आठ दिवस नीट जेवली नाही. सारखी म्हणायची, "अहो, मामांनी असं का केलं असेल हो? त्यांना काय कमी होतं?" मी म्हणायचो, "म्हातारपण गं." हेही मीच म्हणालो.

परवा मामा आमच्याकडे आले. पाठीला बाक आलाय, जरा थकलेत. बायकोने चहा केला आणि मुद्दाम त्यांच्या आवडीचा बिस्किटाचा पुडा पुढे ठेवला. मामांनी तो घेतला आणि आपल्यासारख्या कुणीही फोडावा तसा वरून फोडला. तारीख, नंबर, सगळं फाटलं. बायको बघतच राहिली. "मामा, वरून?"

"आता कशाला नमुने ठिवायचे, पोरी. समद्या बाटल्या तुझ्या मामीला धुवून दिल्या." चहात बिस्कीट बुडवून ते म्हणाले, "तेवढी तुझ्या अक्षतांची ठिवलीय."

मग त्यांनी पुडा माझ्यापुढे केला. "घ्या जावईबापू."

बायको आमच्या दोघांकडे बघत होती. मी एक बिस्कीट घेतलं.