कारभारी जूठं बोलतो

आमच्या फुग्यांच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारची असते. त्या दिवशी घरात मी आणि आई दोघंच. बायको तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. ती सकाळी निघते ती उन्हं उतरल्यावरच नरपडला परत येते. वडील जाऊन काही वर्षं झाली. वाडीत चिकू उतरवायचे असले तर गोष्ट वेगळी, नाहीतर शुक्रवारची दुपार मोकळी आणि लांबलचक.

अशा दुपारी मी समुराई झालो तो मेहुण्यामुळे. त्याला परदेशात नोकरी लागली, तेव्हा जाण्याआधी त्याने आपलं गेमचं मशीन आमच्या टीव्हीखाली आणून ठेवलं. "भावोजी, बंद कपाटात राहून खराब होईल. तुम्ही खेळत जा," म्हणाला. सोबत गेम एकच होता. एक समुराई, त्याचा घोडा आणि जपानातला एक अख्खा मुलूख.

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. लहानपणी डहाणूच्या जत्रेत नेम धरून फुगे फोडले, तेवढाच काय तो खेळांचा अनुभव. पहिल्या शुक्रवारी मी घोडा झाडावर आपटला, नदीत पडलो आणि दोन दरोडेखोरांनी मला एका पडक्या देवळापाशी मारून टाकलं. तरी मशीन बंद करावंसं वाटेना. कारण त्या मुलखात कुठेही जाता येत होतं. लांब डोंगर दिसला की घोडा तिकडे वळवायचा. खरंच डोंगरावर पोचायचो, आणि वरून पलीकडची दरी दिसायची. नकाशाचा बराच भाग धुक्याने झाकलेला होता. आपण जाऊ तेवढंच धुकं हटायचं. लढाईपेक्षा मला त्या धुक्याचीच ओढ लागली.

आई मागे बसून वालाच्या शेंगा सोलत असायची. पहिले काही शुक्रवार ती काही बोलली नाही. मग एकदा तिने विचारलं, "ही कुठली बोली?"

"जपानी."

"तुला कळते?"

"नाही. खाली इंग्रजीत लिहून येतं, ते वाचतो."

"मग वाचून मला सांग ना. नुसती माणसं तोंड हलवताना काय बघू?"

तेव्हापासून मी तिचा दुभाषी झालो. गोष्ट साधीच होती. समुराई बऱ्याच वर्षांनी लढाईहून गावी परततो तर वडील मारले गेलेले, घर जळालेलं, मुलूख लुटारूंच्या ताब्यात. वडिलांचा म्हातारा कारभारी तेवढा जिवंत असतो. तो समुराईला एका लाकूडतोड्याच्या झोपडीत लपवतो आणि लुटारूंची बातमी आणून देतो. या कारभाऱ्याचं पहिलं मोठं भाषण आलं तेव्हा मी रंगात येऊन सांगू लागलो, "तो म्हणतो, मी तुमच्या वडिलांचं मीठ खाल्लंय. त्या रात्री मी वेशीवर असतो तर जीव दिला असता, पण दार फोडू दिलं नसतं."

आईने शेंग तशीच हातात धरली. "मीठ खाल्लं म्हणाला?"

"म्हणजे, तशाच अर्थाचं काहीतरी."

"मग तू आपल्या मनाचं घालतोस. आणि दिकरा, हा जूठं बोलतो."

आईचं माहेर बिलिमोऱ्याच्या पलीकडचं, गुजराती. इतक्या वर्षांनीही 'खोटं' हा शब्द तिच्या तोंडी बसलेला नाही.

"आई, खाली लिहिलंय ना. इमानदार माणूस आहे तो."

"लिहिणारा तिथे होता काय?" आई म्हणाली. "वेशीचं बोलला तेव्हा आवाज कसा खाली गेला, ऐक परत."

परत ऐकलं. मला काही वेगळं वाटलं नाही. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. जपानीचा एक शब्द न येणाऱ्या आईला नुसत्या आवाजावरून किती कळत असेल? पुढच्या शुक्रवारी मी सेटिंगमध्ये जाऊन खालची अक्षरं बंद केली. प्रसंग संपला की आईने काय झालं ते सांगायचं. मग मी गेम आधीच्या जागेवरून परत सुरू करायचो आणि अक्षरं लावून पडताळून बघायचो.

निकाल गमतीदार लागले. पुलावर दोन माणसं भांडत होती. आई म्हणाली, "सख्खे भाऊ आहेत, जमिनीवरून भांडतात." निघाले घोड्यांचे व्यापारी. नदीकाठी चहाचं दुकान चालवणारी एक बाई होती, तिच्याबद्दल आई म्हणाली, "हिचं माणूस गेलंय. हसते, पण गेलंय." ते अगदी बरोबर निघालं, आणि गोष्टीत ते आम्हाला फार पुढे कळलं. एका जळलेल्या गावात एक म्हातारा बराच वेळ बोलला. आईने निकाल दिला, "भात मागतो."

मी वाचून बघितलं. "नाही गं. गाव कसं जाळलं ते सांगतोय. भाताचं नावही नाही."

"ते सांगून झाल्यावर भातच मागणार ना," आई म्हणाली, आणि हार काही मानली नाही.

संध्याकाळी बायको आली की आई तिला आठवड्याची सगळी गोष्ट सांगायची. त्यात घोड्यांचे व्यापारी पुन्हा सख्खे भाऊ झालेले असायचे. बायको हात-पाय धुता धुता ऐकायची, मला डोळ्यांनी विचारायची आणि मी मान हलवायचो.

एका शुक्रवारी मी घोडा एका टेकडीखाली उभा केला. गेममध्ये पाऊस लागला होता आणि बाहेर नरपडला लखलखीत ऊन. मी आईला विचारलं, "हे तू शिकलीस कुठे?"

"काय?"

"भाषा येत नसताना ऐकायचं."

"इथेच," ती म्हणाली. "या घरात. लग्न होऊन आले तेव्हा मला कुठे काय समजत होतं? तुझी आजी इतकं भराभर बोलायची. तुझ्या वडिलांना बाजारापुरती गुजराती यायची. ते सांगायचे मला, तुझ्यासारखंच. 'आई म्हणते, दमली असशील, जरा पड.' मी बघायचे, सासूच्या चेहऱ्यावर पड-बीड काही नाही!"

"मग आजी काय म्हणाली असेल?"

"म्हणाली असेल, दोन भाकऱ्यांना हिला किती वेळ लागतो." आई हसली. "वाईट नव्हते ते. घरात शांती राहावी म्हणून गोड करून सांगायचे. पण मला काय उपयोग? मग मी त्यांचं ऐकायचं सोडलं आणि तिचंच ऐकायला लागले. आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, डोळे कुठे जातात."

"आणि कळायचं?"

"चुकायचं पण. तुझी आजी ओरडून बोलायची. आमच्याकडे ओरडले म्हणजे भांडण. मी कितीतरी महिने घाबरून होते. एकदा ती शेजारणीला ओरडून काही सांगत होती आणि माझ्याकडे बोट करत होती. मी मागच्या दारी जाऊन रडले. नंतर समजलं, माझ्या हातच्या आमटीचं कौतुक चाललं होतं. समुद्राकाठची माणसं सगळी मोठ्यानेच बोलतात. वारा असतो ना."

मी कंट्रोलर खाली ठेवला. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. विचारलीही नव्हती.

"मग बोलायला कधी लागलीस?"

"समजायला लागलं नवरात्राच्या सुमाराला. बोलले होळीला."

"म्हणजे मधले सगळे महिने?"

"मधले महिने गप्प." ती शेंगांकडे बघत म्हणाली. "हिला काही कळत नाही असं धरून लोक सगळं माझ्यासमोर बोलायचे. मग मी म्हटलं, बोलू दे."

"काय काय ऐकलंस?"

"पुष्कळ."

"सांग ना."

"तुझा घोडा भिजतो तिकडे. चल पुढे."

मी नंतरही दोन-तीनदा विचारून बघितलं. काय ऐकलं ते तिने अजूनही सांगितलेलं नाही, पण मौन कसं सुटलं ते सांगितलं. होळीच्या आधी एक दिवस आजी पडवीत एकटीच बसून काहीतरी पुटपुटत होती. आईने कान दिला. आजी वाण्याकडून गुजराती शब्द विचारून आली होती आणि ते पाठ करत होती. सुनेशी बोलता यावं म्हणून. सगळे उच्चार चुकीचे. आईला राहवलं नाही. ती पुढे झाली आणि चक्क मराठीत म्हणाली, "असं नाही, असं म्हणतात."

"आजी खूश झाली असेल," मी म्हणालो.

"कसली खूश! मग कितीतरी दिवस माझ्याशी बोललीच नाही. आठवत बसली असेल ना, हिच्यासमोर आपण काय काय बोललो."

गेम संपत आला तेव्हा आंब्याला मोहोर आला होता. लुटारूंचा सरदार एका किल्ल्यात होता. त्याच्याशी लढताना मी इतक्या वेळा मेलो की आई कंटाळून आत जाऊन चहा टाकून आली. शेवटी तो पडला आणि मरता मरता जे बोलला ते मी वाचलं. त्या रात्री वेशीचं दार लुटारूंनी फोडलं नव्हतं. ते आतून उघडलं गेलं होतं, आणि उघडलं होतं समुराईच्या वडिलांनीच. गाव वाचेल असं वचन घेऊन. वचन पाळलं गेलं नाही. कारभारी त्या वेळी वेशीवरच होता. त्याने सगळं डोळ्यांनी बघितलं होतं आणि मुलाला मात्र दुसरंच सांगितलं होतं.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवून आईकडे वळलो. तिच्या हातात कपबशी होती.

"मी म्हटलं नव्हतं? जूठं बोलतो."

"पण वाईट माणूस नव्हता ना तो. मुलाला बापाची लाज वाटू नये म्हणून लपवलं त्याने."

"वाईट कोण म्हणालं?" आई म्हणाली. "मी जूठं बोलतो एवढंच म्हणाले."

मग गेमने विचारलं, कारभाऱ्याला हद्दपार करायचं की जवळ ठेवायचं. मी बटण दाबणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. आधी त्याला विचार ना, का लपवलंस म्हणून." विचारायची सोय त्या गेममध्ये नव्हती. दोनच बटणं होती. आईला ते मुळीच पटलं नाही. एवढा डोंगर-नदीचा मुलूख उभा केला आणि एक प्रश्न विचारायची जागा ठेवली नाही, असं ती बायकोला संध्याकाळी तक्रारीच्या सुरात सांगत होती. कारभाऱ्याला आम्ही जवळ ठेवलं.

माझ्यावर मात्र आईच्या या ऐकण्याचा वेगळाच परिणाम झाला, आणि तो कारखान्यात. आमच्या पॅकिंगला बसणाऱ्या बऱ्याच बायका तलासरीच्या डोंगरातल्या पाड्यांवरून येतात. फुगे रंगांप्रमाणे निवडायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पिशव्या भरायच्या, हे त्यांचं काम. हात चालू असतात आणि तोंडंही. माझ्याशी त्या मराठीत बोलतात, आपसात वारलीत. मी तिथे मालाची मोजणी करत इतकी वर्षं उभा राहिलो, पण ती बोली माझ्या कानाला पंख्याच्या घरघरीसारखी झाली होती. शनिवारी कामावर गेलो आणि पहिल्यांदा नुसता ऐकत उभा राहिलो.

सुरुवातीला काही हाती लागलं नाही. मग हळूहळू एकेक शब्द सुटा व्हायला लागला. वारली मराठीपासून काही फार लांब नाही, मीच कधी कान दिला नव्हता. घरी आल्यावर शब्द बायकोला विचारायचो. तिच्या वर्गात सगळी त्याच पाड्यांवरची मुलं, तिला बोली चांगली येते. एक शब्द माझ्याकडे बघून सारखा यायचा. तो ऐकून बायको पोट धरून हसली. "बगळा म्हणतात तुम्हाला. मोजताना एका पायावर उभे राहत असाल."

राहतो. दुसऱ्या दिवशी माझं मलाच दिसलं.

आईला सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "त्यांना कळू दिलंस काय?"

"नाही."

"मग ठीक," ती म्हणाली.

पण मला आईसारखं जमलं नाही. दुसऱ्या महिन्यात एक दिवस लाल फुग्यांचा ढीग पडला होता आणि एकजण आमच्या सुपरवायझरची नक्कल करत होती. तो पावडरीच्या पोत्यावर कसा घसरला, ते तिने इतकं झकास सांगितलं की मी हसलो. एकदम सगळ्या गप्प झाल्या. त्यांच्यातली वयाने मोठी, केस पिकलेली बाई हातातले फुगे खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"साहेब, तुम्हाला कळतं," ती मराठीत म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"थोडं थोडं."

"कधीपासून?"

"आत्ता आत्ता," मी म्हणालो.

ते खरंच होतं, पण तिचा विश्वास बसला नाही. माझा आवाज कुठेतरी खाली गेला असावा. दोन-चार दिवस पॅकिंगमध्ये इतकी शांतता होती की मला तिथे उभं राहणं नको झालं. मग एका सकाळी तीच बाई मला उद्देशून सरळ वारलीत काहीतरी म्हणाली आणि उत्तराची वाट बघत थांबली. मला अर्धंच कळलं. पंखा हा शब्द कळला. वर बघितलं तर त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद होता, आणि किती दिवस बंद होता कोण जाणे. मी मराठीत म्हणालो, "आजच सांगतो दुरुस्त करायला." तिने मान हलवली आणि पुन्हा फुगे निवडायला घेतले.