मामीचे चालायचे कपडे

माझ्या मामीइतकी अस्वस्थ बाई अख्ख्या जळगाव जिल्ह्यात सापडणार नाही, आणि धुळे जिल्हा जमेला धरला तरी माझं हे मत बदलणार नाही. तिला निवांत बसलेलं मी कधी पाहिलेलंच नाही. जेवते ती ओट्याला टेकून, उभ्यानं. मालिका बघते ती स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत, आणि नेमकं रहस्य उलगडायच्या वेळी दूध बघायला आत निघून जाते. माहेरी, पारोळ्याला जाताना एसटीत तीनदा जागा बदलते. आधी ऊन येतं म्हणून, मग वारा येत नाही म्हणून, शेवटी शेजारची बाई खांद्यावर डुलक्या घेते म्हणून. एका लग्नात तिला मानानं पहिल्या रांगेत बसवलं, तर मंगलाष्टकं संपायच्या आत ती आचाऱ्यापाशी उभी राहून वरणबट्टीची बट्टी फोडून बघत होती. लग्न परक्यांचं, आचारीही परक्यांचाच. पण बट्टी आतून कच्ची निघाली, हेही खरं.

इतकी वणवण करणारी बाई किडकिडीत असायला हवी. मामी चांगली ऐसपैस आहे. यावर कोणी काही सुचवू लागलं की ती त्याला मध्येच तोडते. "मी जाडी शे, ते माले माहीत शे. दुसरं काही नवं व्हई ते सांग." घरात ती अशी अहिराणीत बोलते, आणि दुकानाची पायरी चढली की एकदम पुस्तकी मराठीत. वजनाची तिला लाज नव्हती. घोर होता तो गुडघ्यांचा. खाली बसली की उठवायला दोन माणसं लागायची, आणि त्यातलं एक बहुतेक वेळा मीच असायची.

तशात तिच्या धुळ्याला दिलेल्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जळगावला होणार. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालते ती आजी. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे आणि त्या पायांवर बाळाला आडवं घालायचं. मामीनं गल्लीतली निम्मी पोरं अशी न्हाऊ घातली आहेत, त्यांत मीसुद्धा आहे. आता स्वतःच्या नातवंडाची वेळ आली, तर तिला पाटावर बसता येईना. मी सहज म्हणाले, "एखादी बाई ठेवू की." मामी पूर्ण एक मिनिट माझ्याकडे बघत राहिली. मी तो विषय परत काढला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी मैदानावर तासभर चाला, साडी नको, ती पायात येते, सैल आणि सोयीचे कपडे घाला. हातात पाच महिने होते.

दुसरी कुणी असती तर दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली असती. मामीनं आधी कपडे शोधायला घेतले, आणि माझी स्कूटर दर शनिवारी त्या कामाला जुंपली गेली. पहिल्या दुकानातल्या माणसानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुरुषांच्या कप्प्यातून पाठीवर दहा नंबर छापलेला फुटबॉलचा शर्ट काढून दिला. मामी शांतपणे म्हणाली, "भाऊ, मला गोल करायचा नाही, चालायचं आहे." दुसऱ्या दुकानात 'फ्री साइज' लिहिलेला टॉप तिच्या दंडात असा अडकला, की तो उतरवताना आम्ही दोघी कपडे बदलायच्या टीचभर खोलीत घामाघूम झालो. तिसरीकडचा चकचकीत कपडा जळगावच्या एप्रिलात अंगावर चढताच पाठीला चिकटून बसला. ऑनलाइन मागवलेली पँट कमरेला झाली, पण पायांनी इतकी लांब होती की तिच्यात मामीच्या मापाची उंटीण मावली असती.

मामीची कपडे पारखायची रीत मी तोवर कुठं पाहिली नव्हती. आधी ती पँट उलटी करून मांडीच्या आतली शिवण मनगटावर घासून बघायची, कारण चालताना मांडीला मांडी घासते आणि तिथली जाड शिवण दोन दिवसांत सालटं काढते. मग कमरेच्या इलॅस्टिकमध्ये दोन बोटं घालायची; ती सहज फिरली नाहीत तर पँट परत. मग आरशासमोर फडताळातली बरणी काढावी तसे दोन्ही हात वर करायची, खाली वाकायची, कुडता मागून वर चढतो का हे मला विचारायची, आणि शेवटी दुकानातच काउंटरपासून दारापर्यंत पाच फेऱ्या घालायची. एका दुकानदारानं कंटाळून विचारलं, "काकू, घेणार आहात ना?" ती म्हणाली, "चालायचे कपडे आहेत, चालूनच बघणार." तिचं एकही म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आज कबूल आहे. जाड्या बाईनं घरात बसावं असं धरूनच जणू ते कपडे शिवले होते. पण तेव्हा मी वैतागले होते. दोन महिने असेच गेले आणि मामी मैदानात एक पाऊल चालली नव्हती. भर बाजारात मी तिच्यावर चिडले, "तुला चालायचंय की नुसतेच कपडे बघायचेत?" ती पर्सची चेन उघडत-लावत राहिली, मग हळूच म्हणाली, "मैदानवर बठ्ठा लोके दखतीन माले." सगळे बघतील या धास्तीनं ती अडून होती, आणि मला स्वतःचाच राग आला.

शेवटी गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घ्यायचं ठरलं. निळ्या रेघांचं सुती कापड, नाडीची सैल विजार, मांडीशी शिवण येऊ नये म्हणून आत लावलेला वेगळा तुकडा, दोन्ही बाजूंनी उंच चिरलेला कुडता, किल्लीला आणि मोबाइलला खिसे. सगळं नामी जमलं होतं. फक्त डाव्या खांद्यावर मामीनं त्याच कापडाचा दोन हात लांब पदर शिवून घेतला. शिंप्यानं दोनदा विचारलं, "ताई, नक्की लावू?" मामी म्हणाली, "जेठ येतात तिथं फिरायला." जेठ म्हणजे आमचे आबा, मामांचे थोरले भाऊ. तीस वर्षांत मामी त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं उभी राहिलेली नव्हती, की ती दोघं एकमेकांशी थेट बोललेली नव्हती. 'त्यांना सांग' आणि 'तिला म्हणावं' यांवर ते घर चाललं होतं.

पहिल्या सकाळी मी सोबत गेले. वळणावर आबा समोरून आले ते नातवाच्या अर्ध्या चड्डीत. आजवर पांढऱ्या पायजम्याशिवाय त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. दोघंही जागच्या जागी वळली आणि उलट दिशांना चालू लागली. मैदान गोल असल्यामुळे पुढच्या बाजूला परत समोरासमोर आली. मामीनं घाईनं पदर ओढला, तेवढ्यात वाऱ्यानं तो तोंडावर आला, तिचा पाय कडेच्या दगडावरून घसरला आणि मी दंड धरला म्हणून ती वाचली. आबा दहा हातांवर उभे होते. लिंबाच्या झाडाकडे बघत ते मला म्हणाले, "तुन्ही मामीले सांग, तो पदर काढी टाक म्हना. डोकं झाकाले घर शे. आठे पाय दख. पडनी ते बाळले कोन आंघोळ घाली?"

मामी माझ्या शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तरी मला म्हणाली, "त्यास्ले सांग, बरं." मग तिनं पदर कमरेला घट्ट बांधला आणि चालायला लागली. त्याच दिवशी शिंप्यानं तो काढून दिला. त्यानंतरचे तीन महिने ती रोज गेली. लोक पहिले चार दिवस बघत होते, नंतर त्यांना कंटाळा आला.

मुलगी झाली. पहिल्या न्हाणाच्या दिवशी मी आणि बाळंतीण मामेबहीण न्हाणीघराच्या दारात उभ्या होतो. मामीनं भिंतीला हात लावला, गुडघे कडकड वाजले आणि ती पाटावर बसली. नातीला पायांवर घेऊन तिनं अशी न्हाऊ घातली, की पोर रडायचंच विसरली. उठताना मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन, बराच वेळ लावून ती एकटी उठली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाफेच्या नावावर खपवलं.

तीन महिन्यांनी लेक बाळाला घेऊन धुळ्याला गेली. परवा सकाळी मी मैदानावर गेले, तर मामी तशीच तरातरा चालत होती. मी म्हटलं, "आता तरी दम खा. न्हाऊ घालून झालं ना?" ती न थांबता म्हणाली, "आते ती चाली, मंग पयी. तिन्हा मांगे कोन पयी?" पोर पळू लागेल ती धुळ्याच्या घरात, आणि मामीच्या वाट्याला येतील ते दिवाळीचे चार दिवस. मला हे कळत होतं, तिलाही कळतच असणार. तोवर ती वळणापलीकडे गेली होती, आणि तिला गाठायला मलाच पळावं लागलं.