कुंडीतला हरभरा

मी आठवीत शाळा सोडली. नवऱ्याच्या कामापायी देऊळघाटहून पुण्याला आले. पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या मॅडमनी प्रयोगशाळेत कुंड्या धुवायला ठेवलं तेव्हा शिक्षण विचारलं नाही, हात पाहिले. ते उपकार आठवतात, म्हणून हे लिहिताना लाज वाटते.

तिथे कुंड्यांत हरभऱ्याला मुद्दाम रोग लावून तो वाळवत. एका मातीत दोन जातींच्या बुरशी, एक झाड मारणारी, दुसरी गरीब. मारणारीचं एखादं जनुक गरीब बुरशीत शिरतं, मग तीही मारायला शिकते, असं मॅडम सांगायच्या.

"लग्नबिग्न न लावता?"

"नुसत्या शेजारानं."

"म्हणजे आमच्याकडे नवं पीक आलं की बहिणीकडे वानोळा पाठवतात, तसं."

मॅडम हसल्या. "हा विषाचा वानोळा."

प्रयोग संपला की सगळं मोठ्या कुकरात वाफवून मगच फेकायचं. एकदा तीन झाडं त्या मातीतही टिकली, घाटे भरले. चांगला दाणा वाफवून फेकायला मन होईना. असल्या मातीत जगलं ते बियाणं पक्कं, असं मला वाटलं. मूठभर दाणे रुमालात बांधून दिवाळीला भावाला नेऊन दिले.

पहिल्या वर्षी धुऱ्याकाठची, बांधालगतची ओळ छान आली. दुसऱ्या वर्षी भावाचा फोन आला, "ताई, अर्धं वावर उभ्या उभ्या वाळून राह्यलं. काऊन?"

मी त्याच्याकडून माती मागवली आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ती लगेच तपासायला घेतली. मातीची तपासणी झाल्यावर म्हणाल्या, "दाण्यांबरोबर आपली बुरशी गेली. तिचं जनुक तिथल्या गरीब बुरशीत सापडलं. आता तिथे बरीच वर्षं हरभरा नको. त्या वावरातला एक दाणाही बाहेर जाऊ देऊ नका." कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो रागावला नाही. "तू भल्यासाठीच आणलं होतं ना वं," म्हणाला. मग म्हणाला, "पण त्या ओळीचा शेरभर हरभरा म्या साखरखेर्ड्याले लहानीले देल्ला. वानोळा. तिनं त्यातलाच पेरला."

"वाळला?"

"नाही. हिरवागार हाये."

मी लगेच लहान बहिणीला फोन लावला. माझा आवाज ऐकताच तीच सुरू झाली, "ताई, तुह्या बियाचं काय झाड आलं वं! घाटे मोजता येत नाही."

मी म्हटलं, "उपट. सगळं उपट आणि जाळ."