दुसऱ्या पिकअपमधला आवाज

भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मला हटकून झोप येते, आणि देव मी सणापुरताच मानते. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्याच बाबतीत.

साठच्या दशकाचा शेवट. आम्ही पनवेलला लाइन आळीत राहायचो. आमच्या ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, शिवाय हौस म्हणून ते ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. तिथे शैला नावाची मुलगी गायची. एकदा ती म्हणाली, "तुमचा बेस मागे नीट ऐकूच येत नाही हो." झालं... स्वयंपाकघरात एक फळी ठोकून द्या म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते, पण शैलाच्या एका वाक्यावर ह्यांनी त्याच दिवशी गिटार कोरायला घेतली – दुसरा पिकअप बसवायला!

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची. गिटारच्या तारांचा नाद त्यातून स्पीकरला जातो. हे काम आलं माझ्याकडे, कारण माझ्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायची सोय होती. "हँडलचे सहाशे फेरे. मोठ्याने मोज, चुकू नकोस," हे सांगून गेले. म्हणजे तिच्या कानांसाठी बोटं माझी झिजायची. धुसफुसत मोजत होते. चारशे बाराला तार तुटली आणि तोंडातून निघालंच – "घसा बसो मेलीचा, कायमचा!" घरात दुसरं कोणी नव्हतं. तार जोडली आणि उरलेले फेरे मनातच मोजले.

गणपतीतला कार्यक्रम, वडाळे तळ्याजवळ मांडव, संध्याकाळचे सहा. शैला गायला लागली, ह्यांनी बटण नव्या पिकअपवर फिरवलं... आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. "तीनशे नव्वद... तीनशे एक्क्याण्णव..." माझाच, तसाच धुसफुसणारा. शेजारी रोडपालीच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांना विचारलं, कोणी मोजतंय का हो?

"नाय बाय, गानंच चाललंय."

"चारशे एक... चारशे दोन..." पुढे काय येणार ते मला पाठ होतं. सगळ्या गावासमोर, ह्यांच्यासमोर, तिच्यासमोर! मी उठले, लोकांचे पाय तुडवत स्टेजपाशी गेले आणि स्पीकरची पिन उपटली. तेव्हा चारशे दहा झाले होते.

"अगं, काय केलंस हे?" ह्यांनी विचारलं.

"जळल्याचा वास आला," मी म्हटलं. लोक हसले. ह्यांना मोजणं ऐकूच आलं नव्हतं. नंतर घरी तीच गिटार पुन्हा पुन्हा वाजवून घेतली, पण नुसता बेस. तारेच्या गुंडाळीत बोलणं साठून राहत नाही, हे ह्यांनीच मला समजावलंय. मग ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

पण डाचतं ते वेगळंच. त्या संध्याकाळी निघताना शैला जवळ आली. हळूच म्हणाली, "वहिनी, पुढे काय म्हणणार होतात?"

मी चपला शोधायला वळले. एवढ्या मांडवात माझा आवाज माझ्याशिवाय एकटीलाच ऐकू आला, तोही नेमका तिला. गिटार ज्याच्या हातात होती, त्या माझ्या नवऱ्याला नाही.