मेल्या उंदराची शिंक
तपकिरीचा वास आला की नाशिकचं सासर आठवतं. मी नवी सून होते, आणि माझ्या प्रत्येक शिंकेनंतर मला मेल्या उंदराचा वास यायचा. दुसऱ्या कुणालाच नाही. माझ्या हट्टापायी माळा दोनदा उपसला. “उंदीर तुझ्या नाकातच मेलाय!” सासूबाई कडाडल्या. डॉक्टरांनी माझी वरची दाढ ठोकून पाहिली. “सून खरं सांगतेय. दाढ किडून पू नाकात झिरपतोय.” दाढ काढली. पंधरवड्याने, मामंजी लासलगावला निघत असतानाच, सासूबाईंनी कधी कुणाला हात लावू न दिलेली तपकिरीची डबी माझ्यापुढे धरली. “शिंक बघू!” मी दणकून शिंकले आणि ओरडले, “नुसती तपकीर!” एरवी शिंक ऐकताच अपशकुन म्हणून परत बसणारे मामंजी हसत बाहेर पडले. ती डबी आता माझ्याकडे आहे. मीही कुणाला हात लावू देत नाही.