शेवट फोडणारे बाबा

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने वाचन बंद सांगितलं. गिरणी बंद पडली तेव्हाही बाबा इतके चिडले नव्हते. कोकणातल्या माणसांवर लिहिणारा एकच कथाकार त्यांचा लाडका. त्याची सहाही पुस्तकं लालबागच्या खोलीतून मुलुंडला माझ्या घरी त्यांच्याबरोबर आली. बाकीचे लेखक त्यांनी कधीच निकालात काढलेले.

मग ठरलं, रोज दुपारी चारच्या चहाबरोबर मी एक कथा वाचून दाखवायची. पहिल्याच दिवशी दुसऱ्या परिच्छेदाला बाबा म्हणाले, "म्हातारी मरता गो शेवटाक." दुसऱ्या दिवशीही तेच. नवरा परत येतो, म्हणे! मी पुस्तक आपटलं.

"बाबा, शेवट आधी फोडायचा नाही. फोडलात तर चहा बंद!"

ते खो खो हसले. पुढे आठवडाभर जीभ चावायचे, मधेच "सांगू?" म्हणून डोळे मिचकावायचे. मी डोळे वटारायचे. हळूहळू तेही थांबलं. तिसऱ्या पुस्तकापर्यंत तर ते शाळेतल्या पोरासारखे हाताची घडी घालून ऐकायला लागले. मी बोरिवलीच्या भावाला फोन करून ऐटीत सांगितलं, "चहाची धमकी चालली रे. बाबा सुधारले!"

तिसऱ्या पुस्तकात विहिरीची कथा आली. ही कथा म्हणजे आमच्या घरातली म्हणच. थोरला भाऊ तीन वर्षं स्वतःच्या हिश्श्यात विहीर खणतो, थेंब लागत नाही. धाकटा बांधापलीकडे अळू लावायला खड्डा करतो आणि तिथे पाणी लागतं. कुणाला आयतं काही मिळालं की बाबा म्हणणारच, "पाणी धाकट्याच्याच वाट्यात लागता." समोरच्यांना रीडेव्हलपमेंटमध्ये मोठा फ्लॅट मिळाला तेव्हाही म्हणाले होते. मी हे वाक्य ऐकतच लहानाची मोठी झाले.

थोरला विहिरीत उतरतो तिथवर मी वाचलं. बाबा पुढे सरकले.

"पाणी लागला काय गो थोरल्याक?"

"नाटकं पुरे हां बाबा."

"नाटकं कसली? वाच ना. जीव टांगणीक लागलो माझो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. मी हबकलेच. मला एकेक दुपार आठवली, त्यांच्या गप्प बसण्याची, माझ्या ऐटीची. बाप डोळ्यांदेखत विसरत चालला होता आणि मी भावाला फोन करून फुशारकी मारली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

कशीबशी कथा संपवली. धाकट्याच्या खड्ड्याला पाणी लागलं तशी बाबांनी मांडीवर थाप मारली.

"झकास! ह्यां माका आदी कोणी कसा सांगूक नाय?"

मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी पहिलं पुस्तक काढलं. म्हातारीची कथा. दुसऱ्या परिच्छेदाला मुद्दाम थांबले. बाबा शांतपणे चहा पीत होते.

"बाबा, पुढे काय होतं म्हातारीचं? सांगा ना."

"माका काय ठावक?"

"आठवून बघा. फोडा शेवट. मी चहा बंद करणार नाही, शप्पथ."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं.

"अगो, शेवट आदी फोडूचो नसता. तूच सांगितलंस ना?"