खऱ्या आकड्यांच्या शालिनीताई

शालिनीताई गायकवाड यांची माझी पहिली भेट ओरडा खाण्यातच झाली. माझी वैदेही तेव्हा आठ वर्षांची होती. मधुमेह होऊन वर्ष झालं होतं आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई चालू होती. राहनाळहून भिवंडीच्या दवाखान्यात पोचायला मला उशीर झाला, आणि मुख्य परिचारिका असलेल्या ताईंनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. मग त्यांनी वैदेहीची साखरेच्या नोंदींची वही उघडली.

वही वैदेही स्वतः लिहायची. आकडे सगळे छान, मला त्याचा केवढा अभिमान! ताईंनी साखर मोजायचं यंत्र मागून घेतलं आणि त्यात साठलेले आकडे पाहिले. वहीत एकशेवीस, यंत्रात तीनशेच्या वर. मी हात उगारला तोच ताईंनी मला खुर्चीत बसवलं आणि पोरीला हळू आवाजात विचारलं, "कोणासाठी लिहिलंस हे?"

"आईसाठी. आईनं वज्रेश्वरी देवीला सांगून गोड सोडलंय. मी बरी होईपर्यंत ती खायाची न्हाय. आकडे चांगले आले का खाईल ना ती?"

हा आजार आयुष्यभराचा आहे, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तरी मी नवस बोलले होते, आणि त्यात मला माझी माया दिसत होती. लेकीला मात्र माझ्या ताटात रोज स्वतःचा गुन्हा दिसत होता, आणि तो पुसायला ती जिवाशी खेळत होती.

ताई बौद्ध, त्यांचा नवसावर विश्वास नाही. पण त्यांनी माझी टिंगल केली नाही. सुट्टी काढून त्या आमच्याबरोबर एसटीने वज्रेश्वरीला आल्या. "मी नाही मानत, तू मानतेस ना? मग देवीला सांगूनच नवस सोडव," म्हणाल्या आणि पेढे घेऊन बाहेर थांबल्या. मी पेढा तोंडात टाकला तेव्हा वैदेही टक लावून बघत होती. "गिळलास ना?" तिने विचारलं, आणि हो म्हणताच ती मोठ्याने रडायला लागली. मीही रडले.

निवृत्तीनंतर ताईंनी असे कायमचे आजार असलेल्या मुलांच्या पालकांची रविवारची बैठक सुरू केली. चहा मी करते, आणि तो कधीच त्यांच्या पसंतीला उतरत नाही. नव्या पालकांना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही स्वतःचं काय बंद केलंत? एकदा कापडाच्या लूमवर काम करणारे, दम्याच्या मुलाचे वडील खाली मान घालून म्हणाले, "गाना बंद किया, सिस्टर. बच्चा हाँफता है, मैं कैसे गाऊँ?" ताई म्हणाल्या, "उसी से पूछो." मुलगा म्हणाला, "गाओ ना, अब्बा." त्या दिवशी बैठक लांबली.

ताई आता पंचाहत्तरीच्या झाल्या. वैदेही भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात नोकरी करते आणि दर शनिवारी ताईंचा रक्तदाब मोजायला जाते. गेल्या आठवड्यात दंडाला पट्टा बांधायच्या आधीच ताई म्हणाल्या, "लिही गं, एकशेतीस. एकदम छान आहे."

वैदेहीने पेन खाली ठेवलं. "कोणासाठी सांगताय हे, ताई?"

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्यासाठी चांगले आकडे सांगू नका. खरे सांगा, आम्ही घाबरणार नाही. ते तुम्हीच शिकवलं आहे.